आखाजीला मोजलेली शांतता

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते, कारण आमच्या असोद्याकडच्या भावकीत आपण होऊन कुणी विचारत नाही. बापाची केळी आणि कपाशी, आईचं चुलीपासून गोठ्यापर्यंतचं राज्य, आणि त्यातून रोज एस.टी.ने जळगावला जाऊन-येऊन मी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झाले. पेढे वाटताना काकूने वडिलांना विचारलं की पोरगी डॉक्टर झाली का. वडील म्हणाले, डॉक्टर नाही, पण त्याच्या शेजारचंच काहीतरी.

नोकरी लागली ती पर्यावरणाची पाहणी करणाऱ्या एका खासगी कंपनीत. कुठे खाण, रस्ता, कारखाना होणार असला की आम्ही आधी जायचं. तिथे आवाज किती, धूळ किती, पाणी कसं, जनावरं-पाखरं कोणती, हे लिहून ठेवायचं. आधी काय होतं हेच माहीत नसेल तर नंतर काय बिघडलं ते सांगणार कसं, इतकं सरळ काम आहे. घरी मात्र ते समजावता समजावता माझं पदव्युत्तर शिक्षण कमी पडलं. पोरीला आवाज मोजायचा पगार मिळतो, हे ऐकून आईने कपाळावर आठी न आणता सांगितलं की मग सुरुवात बापाच्या घोरण्यापासून कर, परगावी कशाला जातेस.

तीनेक वर्षांपूर्वी कंपनीने मला शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला एका गावी पाठवलं. नदीच्या या काठाला ते गाव आणि समोरच्या काठाला दुसरं. उन्हाळ्यात नदी म्हणजे नुसती वाळू आणि म्हशींना बसायला पुरतील एवढी दोन डबकी. गावामागच्या टेकडीवर खडीची खाण निघणार होती. खाणीला रस्ता हवा, आणि रस्त्याच्या दोन आखण्या कागदावर होत्या. एक टेकडीला वळसा घालून जाणारी, लांबची. दुसरी सरळ, या काठाच्या झाडांतून. साग, मोह, अंजन अशी ती जुनी झाडं होती आणि त्यांच्या बुंध्यांवर लाल रंगाने नंबर पडून गेलेले होते. ज्याच्यावर नंबर पडला त्याचं पुढे काय होतं, हे आमच्याकडे बोकडालाही कळतं.

त्या झाडांत रानपिंगळा राहतो, असं गावातल्या एका आबांचं म्हणणं होतं. रानपिंगळा म्हणजे घुबडाच्या कुळातलं वीतभर पाखरू. साधा पिंगळा गावोगाव दिसतो, त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. याचं डोकं जवळजवळ कोरं, आणि हा भरदिवसा हिंडतो. जगात तो फार थोड्या जागी उरलाय. मधल्या काळात तर तो संपलाच असं जाणकारांनी धरलं होतं, आणि मग तो आमच्याच सातपुड्यात जिवंत सापडला. असं पाखरू त्या झाडांत आहे एवढं कागदावर आलं असतं, तर सरळ रस्त्याची आखणी अडली असती.

आबांनी पंचवीस-तीस वर्षं वनखात्यात मजुरी केलेली. वणवा विझवायचा, चोरटी तोड अडवायची, रोपांना पाणी घालायचं. त्या झाडांपैकी निम्मी त्यांनी शेळ्यांच्या तोंडून सोडवलेली होती. लाल नंबर पडले त्या दिवसापासून ते रोज सकाळी जाऊन झाडं मोजून यायचे, जशी काही ती रात्रीतून चालत जाणार होती. पण आमच्या पुण्यातल्या साहेबांनी मला निघतानाच बजावलं होतं की "आबा म्हणतात" हा पुरावा नाही. आवाजाचं रेकॉर्डिंग आण किंवा स्वच्छ फोटो आण. दिवस तीन. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला गाडी येईल आणि तुला दोंडाईच्याच्या कामावर नेईल. तोवर पाखरू मिळालं नाही तर रकान्यात लिहायचं, "आढळला नाही".

त्याच तीन दिवसांत गावातला आवाजही मोजायचा होता. तारखा पुण्यात ठरल्या. त्यात आखाजी येते हे पुण्याला ठाऊक नसणं मी समजू शकते. मला ठाऊक नव्हतं, याला मात्र क्षमा नाही. खानदेशातल्या पोरीने अक्षय्य तृतीया विसरणं म्हणजे माशाने पावसाळा विसरणं. आईने फोनवर विचारलं की माहेराला असून आखाजीला घरी नाहीस, मग एवढं शिकून काय मिळवलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तोवर मी आबांच्या ओट्यावर तिपाई उभी करून बसले होते.

आवाज मोजायचं यंत्र हाताएवढं असतं. त्याच्या टोकाला वाऱ्याची घरघर आत जाऊ नये म्हणून स्पंजचा काळा गोळा बसवलेला असतो. आबांच्या बायको, अक्का, बाहेर आल्या, त्यांनी तिपाईभोवती एक फेरी मारली आणि मला विचारलं,

"हाई काय शे व माय? देव शे का?"

मी म्हटलं, देव नाही, हे सगळं ऐकतं आणि लिहून ठेवतं. अक्का म्हणाल्या, मग देवच झाला. आणि सणासुदीचं घरात आलेलं आहे म्हणून त्यांनी त्या काळ्या गोळ्याला हळदीकुंकू लावलं. पुढे ऑफिसात तो गोळा बघून साहेबांनी विचारलं होतं की यंत्राला रक्त कसलं लागलंय.

या अक्का म्हणजे गावातला सर्वांत मोठा आवाज. हे मी यंत्रावरून सांगते, मनाचं नाही. त्यांनी ओट्यावरून चौथ्या घराच्या सुनेला हाक मारली की काटा असा चढायचा, जसा ट्रॅक्टर गेल्यावर चढतो. आणि ट्रॅक्टर निदान निघून तरी जातो.

पहिल्या दिवशी सकाळी आबा आणि मी झाडांत जाऊन बसलो. पाखराला जागेवर आणायची एक रीत असते. त्याच्याच जातीची रेकॉर्ड केलेली साद मोबाइलवर वाजवायची, म्हणजे हद्दीत कोण आलं हे बघायला ते उत्तर देतं. मी वाजवली. उत्तर दिलं ते साध्या पिंगळ्याने, होला नावाच्या एका पाखराने आणि लांबून एका म्हशीने. आबांनी बराच वेळ मोबाइलकडे संशयाने बघितलं.

"तुना फोनमधलं पाखरू परगावनं शे," ते म्हणाले. "आमनं त्याले वळखत नही."

दुसरा दिवस आखाजीचा. पहाटेपासून झाडाझाडाला झोके बांधलेले, माहेरवाशिणींची गाणी चाललेली, घराघरात खापरावर पुरणाचे मांडे आणि आमरस. मी अभिमानाने सांगते की मी कामावर होते आणि त्यातही चार मांडे खाल्ले. पण नेमके लाल नंबरांच्या झाडांनाच गावातले सगळ्यांत उंच झोके बांधलेले, आणि ज्या फांदीवर पंधरा बायका आळीपाळीने आभाळात जाऊन येतात तिथे कुठलं पाखरू तोंड उघडेल? आबा दिवसभर झाडाखाली बसून होते. संध्याकाळी म्हणाले की ते आत ढोलीत आहे, सगळं ऐकतंय आणि कंटाळलंय.

राहिला तिसरा दिवस, म्हणजे गौराई बोळवायचा.

त्या भागातली रीत माहीत नसेल तर सांगते. गौराई बोळवायला या काठाच्या बायका नदीवर येतात आणि समोरच्या गावच्या बायका त्यांच्या काठावर येतात. गौराई पाण्यात सोडून झाली की दोन्ही काठ समोरासमोर उभे राहतात आणि एकमेकींना शिव्या देतात. मनापासून, मोकळ्या गळ्याने, वर्षभराची बाकी चुकती केल्यासारख्या. पूर्वी गोटेही चालायचे, आता शिव्यांवर भागतं. कुणी कुणाचा राग धरत नाही. नियम एकच. जो काठ आधी चूप झाला तो हरला, आणि त्या गावच्या सुनांना ते पुढच्या आखाजीपर्यंत बाजारात, लग्नात, दवाखान्याच्या रांगेत ऐकावं लागतं.

या काठाच्या म्होरक्या आमच्या अक्का. समोरच्या काठाची म्होरकी त्यांची सख्खी भावजय, कारण अक्कांचं माहेर समोरचंच गाव. म्हणजे अक्का गेली चाळीसेक वर्षं स्वतःच्या माहेराला शिव्या देत होत्या आणि त्यातलं सगळं मर्म त्यांना आतून ठाऊक होतं.

तीनच्या सुमाराला सुरुवात झाली. मी यंत्र घेऊन झाडांच्या कडेला उभी होते. समोरून आवाज आला की तुमच्या गावात कुत्रंसुद्धा पाव्हणं येत नाही. इकडून गेलं की येत नाही ते बरं, तुमच्याकडे आलं होतं ते तुमचं वरण खाऊन मांजर झालं. समोरून नवऱ्यांवर आलं, इकडून सासऱ्यांवर गेलं. मग दोन्हीकडून अशा जागी गेलं की मी शास्त्राची विद्यार्थिनी असूनही इथे लिहू शकत नाही. माझी बोली पूर्वेकडची, त्यांची अहिराणी, पण शिवीला भाषांतर लागत नाही. खोटं कशाला बोलू, दोन चांगल्या मी मनात टिपूनही घेतल्या.

साडेचार वाजले. ऊन झाडांत तिरपं शिरायला लागलं, म्हणजे पाखराची निघायची वेळ. आबा एका सागाखाली उभे होते आणि वरच्या ढोलीकडे बोट दाखवत होते. ते काही म्हणत होते ते मला दोन हातांवरून ऐकू येत नव्हतं. मी जवळ गेले तेव्हा कळलं की ते "आता, आता" म्हणत आहेत. त्यांचे डोळे भरलेले होते. मी घड्याळ पाहिलं. दीड तास. मग गाडी, मग दोंडाईचा, मग "आढळला नाही".

मी धावत अक्कांकडे गेले आणि सांगितलं की अक्का, अर्धा तास थांबा, त्या झाडांचा प्रश्न आहे. अक्कांनी एका श्वासाची सुट्टी घेतली. झाडं त्यांनाही हवी होती. पण त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू त्यांना मंगळसूत्र काढून ठेवायला सांगितलंय.

"आम्ही चूप बसनूत तं गाव हारनं. पहिले त्यास्ले चूप कर."

ठीक आहे म्हटलं. बूट काढून हातात घेतले आणि तापलेल्या वाळूतून, दोन्ही बाजूंच्या शिव्यांच्या खालून, समोरच्या काठावर गेले. भावजयबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं, कुणाची कोण ते विचारलं, आणि सांगितलं की पहिल्यांदा नणदबाईंना चूप कर, मग आम्ही आहोतच. मी पुन्हा वाळूतून अलीकडे आले. पुन्हा पलीकडे गेले. तिसऱ्या खेपेला तर दोन्ही काठांनी मिळून मलाच धरलं, की ही मधली कोण, कुणीकडची सून, आणि हिला पायात घालायला मिळत नाही का.

तेव्हा भावजयबाईंचं लक्ष माझ्या हातातल्या यंत्राकडे गेलं.

"त्या यंतरले समजस का, कोना आवाज मोठा शे ते?"

मी म्हटलं, समजतं. तेच तर त्याचं काम.

हे त्यांनी ओरडून पलीकडे सांगितलं. नदीवर पहिल्यांदाच जरा खालचा आवाज पसरला, म्हणजे बायका आपसात बोलायला लागल्या. इतक्या वर्षांत कुणाचा आवाज मोठा यावर पंच नव्हता. आता शिकलेली पोरगी होती आणि तिच्या हातात पुण्याचं यंत्र होतं. अक्का कमरेवर हात ठेवून म्हणाल्या की मोज, होऊन जाऊ दे.

इथे मी जे केलं ते अर्धं शास्त्र आहे आणि अर्धं माझं. कुठलाही आवाज मोजायचा तर आधी आजूबाजूची शांतता मोजावी लागते, हे खरं. त्याला पाच-दहा मिनिटं पुरतात. मी वाळूच्या मधोमध उभी राहून दोन्ही काठांना सांगितलं की यंत्राला आधी अर्धा तास शांतता लागते. दोन्ही काठ एकदमच चूप होतील, म्हणजे कुणी आधी झालं असं होणार नाही. आणि या अर्ध्या तासात ज्या काठावरून पहिला शब्द निघेल, तो काठ बाद.

मी हात खाली केला आणि नदी बंद झाली.

दोन गावच्या सव्वाशे-दीडशे बायका गप्प बसल्या की कशा दिसतात, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. काहींनी पदर तोंडात कोंबले. एक बाई शिंक आली म्हणून डबक्यापर्यंत धावत गेली आणि डोकं पाण्यात घालून शिंकली. लेकरं उचलून गावाकडे रवाना केली. बांगड्या वाजतात म्हणून कुणी हात हलवेना. भावजयबाईंनी पलीकडून अक्कांना दोन्ही अंगठे दाखवले आणि कमरेने एक अशी काही नक्कल केली, की अक्कांचा चेहरा आधी लाल आणि मग जांभळा झाला. त्या शिवी गिळत होत्या, ती गळ्यावरून खाली जाताना दिसत होती. यंत्राचा काटा खाली खाली येत राहिला. वाळूवरून वारा जातो, त्याचाही आवाज असतो, हे त्या दिवशी कळलं.

मी पाय न वाजवता आबांजवळ गेले. रेकॉर्डर चालू केला, कॅमेरा गळ्यात. दहा मिनिटं काही नाही. पंधरा मिनिटं काही नाही. एक होला बोलला, आबांनी त्याच्याकडे असं रागाने पाहिलं की तो गप्प झाला. मग ढोलीच्या तोंडाशी काहीतरी गोल हललं. बाहेर आलं. सागाच्या निष्पर्ण फांदीवर बसलं, डोकं कोरं, पोट पांढरं, आणि शेपटी अशी झटकायला लागलं जसं कुणी फडकं झटकतं. मी फोटो काढले. त्याने समोरच्या दोन गावांकडे एकदा पाहिलं, मान खाली केली आणि बोललं. एकदा. परत. तिसऱ्यांदा तर वरच्या झाडातून दुसऱ्याने उत्तर दिलं. जोडी होती.

घड्याळात बावीस मिनिटं झाली होती. आणि तेवढ्यात माझ्या शेजारून आरोळी उठली.

"बोलनं! बठ्ठास्नी ऐकं ना? बोलनं ते!"

सगळ्यांनी ऐकलं का, असं विचारत आबा दोन्ही हात वर करून उभे होते. वनखात्याच्या सगळ्या नोकरीत हा माणूस मोठ्याने बोलला नसेल, आणि घरात तर तशी जागाच नव्हती. पाखरू ढोलीत गेलं. मग पलीकडून भावजयबाईंचा आवाज आला, शांत आणि गोड, जिंकलेल्या माणसाचा असतो तसा.

"नणदबाई, तुमना माणूस आमनासाठे बोलना."

मग जे उठलं ते मोजायला मी यंत्र चालू ठेवलं होतं, हे माझं कर्तव्य म्हणून सांगते. मोठा आवाज कुणाचा, हा निकाल कुणाला नकोच होता. पलीकडे बायका वाळूत फुगड्या घालत होत्या. अलीकडे अक्का आबांकडे चालत येत होत्या आणि बाकीच्या त्यांना वाट करून देत होत्या. त्या आबांसमोर उभ्या राहिल्या. आबा अजून हसतच होते. अक्कांनी वर झाडाकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, आणि एक अक्षर न बोलता घरी निघून गेल्या. आबा मला म्हणाले की आता आठ दिवस जेवायला शेजारी.

गाडी सहाला आली.

पुण्याहून साहेबांचा फोन आला तो आवाजाचा तक्ता बघून. त्यांनी विचारलं की दुपारी तीन ते पाच हे काय आहे, खाण तर अजून सुरूही झालेली नाही. मी म्हटलं, स्थानिक सण. कुठला सण इतक्या आवाजाचा असतो, ते म्हणाले. मी म्हटलं, आमचा. रेकॉर्डिंगच्या शेवटी एक माणूस ओरडतो तेवढं कापून टाकू का, असंही त्यांनी विचारलं. मी सांगितलं की काही कापायचं नाही. तो माणूस ओरडला म्हणून तर कळतं, पाखरू कुणी ओळखलं ते.

नोंद गेली. पुढे तो कागद कुठल्या कुठल्या टेबलांवरून फिरला ते मला ठाऊक नाही, आणि माझ्या एका नोंदीने सगळं झालं असं म्हणण्याइतकी मी खोटी नाही. दिवाळीच्या आसपास आबांचा फोन आला. आखणीवाले आले होते आणि त्यांनी खुंट्या टेकडीच्या मागल्या अंगाने ठोकल्या. रस्ता वळसा घालून जाणार. आज सकाळीही झाडं मोजून झाली, सगळी आहेत, एवढं आबांनी सांगितलं. मग मागून कुणीतरी फोन त्यांच्या हातातून घेतला.

"झाडं वाचनात, चांगलं झायं," अक्का म्हणाल्या. "पन गाव हारनं ना व माय. बाजारमा तोंड दखाडता येत नही."

मी त्यांना सांगितलं की अक्का, त्या दुपारच्या तक्त्यात एक शेऱ्याचा रकाना आहे. त्यात मी जे झालं तेच लिहिलंय. दोन्ही काठ बावीस मिनिटं शांत. शांतता अलीकडच्या काठावरून मोडली, एका पुरुषाच्या आवाजाने. बायकांपैकी कुणी बोललं नाही.

अक्कांनी आवाज एकदम खाली आणला.

"माणूस व्हता, हाई लिखं ना कागदवर?"

लिहिलंय, मी म्हटलं. सहीसकट.

"मंग चालस," त्या म्हणाल्या, आणि तो कागद भावजयीला दाखवायला हवा, त्याची एक प्रत टपालाने पाठव, असं त्यांनी मला सांगितलं. मी पाठवली.